टेलिफोनवाल्याचं सूत्र आणि सांडपाण्यातले जीव

वरंध घाट उतरून महाडकडे आलात की वाटेतले ओढे शेवटी सावित्रीलाच मिळतात. तिच्याच खोऱ्यात महाडची एमआयडीसी आहे, रसायनांचे कारखाने आहेत आणि त्यांच्या सांडपाण्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्रही आहे. ‘पाणी कसं आहे?’ हा प्रश्न इथे अक्षरशः पोटापाण्याचा.

उत्तर शोधायची एक जुनी तऱ्हा म्हणजे पाण्यातल्या जिवांची खानेसुमारी. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी 1908-09 मध्ये कुठला जीव किती घाणीत तगतो, याच्या याद्याच छापल्या. काम झकास, पण प्रत्येक जीव ओळखायला तज्ज्ञ हवा.

मग 1948 साली अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये क्लॉड शॅननने संदेशातली माहिती मोजायचं सूत्र मांडलं. टेलिफोन कंपनीतला माणूस, त्याचा किड्यांशी काय संबंध? पण जीवशास्त्रज्ञांनी ते सूत्र उचललंच. 1949 मध्ये एडवर्ड सिम्पसनने ‘नेचर’मध्ये आणखी सोपं माप दिलं. हा गडी महायुद्धात ब्लेचली पार्कला शत्रूचे गुप्त संदेश फोडत होता. त्याचा सवाल असा: डोळे मिटून दोन जीव उचलले, तर ते एकाच जातीचे निघतील का? समजा 100 जीव, 4 जाती. प्रत्येकी 25 असतील तर शंभरात साधारण 24 वेळा. एकाच जातीचे 97 असतील तर 94 वेळा! जाती तेवढ्याच, पण एकीचंच राज्य.

1968 मध्ये विल्म आणि डॉरिस यांनी शॅननच्या आकड्याला पट्ट्या लावल्या: 3 च्या वर स्वच्छ, 1 च्या खाली भयंकर प्रदूषित. इथेच गडबड आहे, असं मला वाटतं. वरंधचा एखादा ओढा पावसाळ्यातल्या लोंढ्याने धुऊन निघाला की तिथेही मोजके जीव उरतील आणि आकडा पडेल. त्यात कारखान्याचा काय दोष? उलट, घाण सोसणाऱ्या जातीच सारख्या संख्येने असल्या तर आकडा छान दिसेल. सूत्राला नावं वाचता येत नाहीत ना!

म्हणून 1994 मध्ये इटलीच्या पाओलो मादोनीने प्रक्रिया टाकीतल्या गाळासाठी वेगळी मोजणी काढली, 0 ते 10 गुणांची. त्यात जाती किती हे तर बघायचंच, पण त्या कोण हेही. घंटेसारखे देठवाले जीव आणि गाळावर सरपटणारे केसाळ जीव भरपूर दिसले, की टाकी नीट चाललीय. नुसते शेपटीवाले बारके जीव वळवळत असले, की गुण घसरले. त्याला लागतो कॉलेजच्या लॅबमध्ये असतो तसलाच मायक्रोस्कोप.