विडंबनगीताचे चित्र आणि नारायणगावचा सोंगाड्या

परिचित गीताची चाल कायम ठेवून तीत भलताच, बहुधा हास्यकारक आशय भरणे म्हणजे विडंबनगीत. मराठीत विडंबनाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती ‘केशवकुमार’ या नावाने लिहिणाऱ्या आचार्य अत्रे यांच्या ‘झेंडूची फुले’ (१९२५) या संग्रहाने. परंतु ते मुख्यतः वाचण्याचे विडंबन. गायच्या विडंबनाची गरज निराळी असते. मूळ गीताचे गांभीर्य कानात घुमत असतानाच त्याची फजिती डोळ्यांना दिसावी लागते.

पाश्चात्त्य विनोदी संगीतात हे काम अनेकदा ॲनिमेशनने केले आहे. अमेरिकी गायक ‘विअर्ड अल’ यांकोविक यांच्या ‘जुरासिक पार्क’ (१९९३) या गीतात ‘मॅकआर्थर पार्क’ या भावगंभीर गाण्याची चाल आहे आणि पडद्यावर मातीचे डायनोसॉर धिंगाणा घालतात. त्यांच्याच ‘वर्ड क्राइम्स’मध्ये (२०१४) व्याकरणाच्या चुकांवर अक्षरेच नाचतात. रेखाटलेल्या आकृतीला अतिशयोक्ती शोभते, हे त्याचे कारण.

जुन्नर-आंबेगावच्या प्रेक्षकाला ही गंमत अपरिचित नाही. तेथे हे चित्र जिवंत माणूस काढीत आला आहे. पुणे-नाशिक मार्गावरील नारायणगाव ही तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्यामुळे हे नाव महाराष्ट्रभर झाले. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या लागतात, आणि गावोगावचे यात्रेकरी येऊन सुपारी ठरवितात.

तमाशाचा क्रम गण, गवळण, बतावणी आणि वग असा. त्यातील गवळण हेच मुळी एक विडंबन आहे. एकनाथांच्या गवळणीत कृष्णाने वाट अडविणे ही भक्तीची खूण असते. तमाशात वाट तीच, मथुरेचा बाजारही तोच. पण गौळणींच्या पुढे मावशी उभी राहते. ही मावशी म्हणजे पुरुष नट. त्याला लुगडे-चोळीचीही गरज नसते. धोतर-सदऱ्यावर डोक्यावरून उपरण्याचा पदर घेतला, की मिशीसकट मावशी तयार! व्यंगचित्रकाराच्या एका रेषेइतकीच ही काटकसर आहे. कृष्णाचा सवंगडी पेंद्या लंगडत येतो, आणि त्याच्या प्रत्येक पावलाला ढोलकीवाला थाप देतो. पाऊल आणि थाप यांची ही गाठ ॲनिमेशन करणाऱ्याला एकेक चित्र मोजून बसवावी लागते. येथे ती दोघा कलावंतांच्या नजरभेटीत बसते.

बतावणीत तर लिखित संहिताही नसते. सोंगाड्या चालू चित्रपटगीताची चाल उचलतो आणि तीत त्या गावचा सरपंच, कांद्याचा भाव, रस्त्यावरचे खड्डे बसवितो. चित्रफीत एकदा पुरी झाली की ती सर्वांसाठी तीच. सोंगाड्याचे गीत दुसऱ्या गावी जाईतो बदललेले असते. त्यामुळे ध्वनिमुद्रणात त्याचा निम्मा जीव हरवतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या चौकटीची ताकद सत्यशोधक जलशांनी ओळखली. तीत त्यांनी सामाजिक टीका भरली. अण्णा भाऊ साठे यांनी मात्र लोकनाट्यातून गवळणच काढून टाकली. विचार म्हणून ते समजण्याजोगे. विनोदाच्या दृष्टीने एक जागा गेली, हेही खरे.

आता ही जागा दुसऱ्याच कारणाने आक्रसत आहे. यात्रेतील श्रोता चित्रपटगीतांवरील नृत्याची फर्माईश करतो, गवळण उरकली जाते, बतावणीला मिनिटे मिळतात आणि वग कित्येकदा पहाटेपर्यंत पोहोचतच नाही. त्यात २०२० चा पाडवा २५ मार्चला आला, तोच देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस होता. ऐन हंगामात यात्रा रद्द झाल्या. पुढच्या वर्षीही तेच घडले. कलावंतांना उचल देऊन बसलेल्या फडमालकांना याची झळ किती लागली असेल, हे सांगावयास नको.

राज्य शासन विठाबाईंच्या नावाने तमाशा क्षेत्रातील ज्येष्ठांना जीवनगौरव पुरस्कार देते, ही चांगली गोष्ट. बतावण्या मात्र बहुतांशी सोंगाड्यांच्या तोंडीच राहिल्या आहेत. मराठी विडंबनगीताला चित्र जोडू पाहणाऱ्या एखाद्या तरुण ॲनिमेटरला मावशीचा पदर आणि पेंद्याची चाल अभ्यासावयाची असेल, तर त्याने चैत्रातल्या यात्रेत जावे. आणि गण सुरू होण्यापूर्वीच जागा धरावी, कारण गवळण फार वेळ चालत नाही.