जुना लॅपटॉप घरच्या वायफायला का जोडला जात नाही?

समजा, मामाचा किंवा मोठ्या भावाचा २००४-०५ सालचा लॅपटॉप तुमच्या वाट्याला आलाय. विंडोज एक्सपी सुरू होतं, घरचं नेटवर्क यादीत दिसतं, पासवर्डही बरोबर आहे, तरी जोडणी होत नाही. मग कोणीतरी सांगतं, "राउटरची सिक्युरिटी जरा खाली आण, चालेल." हे ऐकायचं की नाही, याचं उत्तर इतिहासात आहे. तंत्रज्ञानाच्या इतिहासाला प्रश्न कसे विचारायचे, यासाठीही हे उदाहरण चांगलं आहे.

१९९७ साली आयट्रिपलईने ८०२.११ हे मानक काढलं. त्यातच वेप होतं, म्हणजे 'वायर्ड इक्विव्हॅलंट प्रायव्हसी'. वायरइतकी गोपनीयता हा दावा नावातच. आत आरसी४ हा सायफर, ४० बिटांची किल्ली आणि दर पॅकेटबरोबर जाणारा २४ बिटांचा एक आकडा. २४ बिट म्हणजे १,६७,७७,२१६ शक्यता. ऐकायला भरपूर वाटतात, पण ११ एमबीपीएसच्या गजबजलेल्या नेटवर्कवर पाचेक तासांत त्या संपतात. आकडे यादृच्छिक निवडले तर आणखी वाईट: पाचेक हजार पॅकेटांतच एखादा पुन्हा येण्याची शक्यता निम्म्यावर जाते. आणि आकडा पुन्हा आला की सांकेतिक प्रवाहही तोच येतो, दोन संदेश एकमेकांवर ठेवून उलगडता येतात.

इथे बरेच विद्यार्थी लिहून मोकळे होतात की वेपची रचना सदोष होती. वाक्य खरं आहे, पण त्यात इतिहास कुठेय? ४०च बिट का, हे विचारा. त्या काळी अमेरिकेतून मजबूत सांकेतिकीकरण निर्यात करायला सरकारी निर्बंध होते, ते २००० साली बरेच सैल झाले. शिवाय कार्डावरची चिप अगदीच लेचीपेची. म्हणजे मूर्खपणा हे उत्तर फार सोपं आहे, आणि सोप्या उत्तरावर तुमचा गाइड लाल रेघ मारणारच.

२००० साली इंटेलच्या जेसी वॉकर यांनी दाखवलं की किल्ली कितीही लांब केली तरी वेप सुरक्षित होत नाही. २००१ मध्ये बर्कलेच्या बोरिसोव्ह, गोल्डबर्ग आणि वॅग्नर यांनी त्याचे दोष मांडले. त्याच वर्षी फ्लूरर, मँटिन आणि शमीर यांनी आरसी४ची किल्ली तयार होण्याची पद्धतच पोखरली. २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या तिघांनी १०४ बिटांची किल्ली मिनिटाच्या आत काढून दाखवली.

पण माझ्या मते खरी मजा मधल्या काळात आहे. लाखो कार्डं आधीच विकली गेली होती, ती फेकायची कशी? म्हणून २००३ पासून डब्ल्यूपीए आणि त्यातली टीकेआयपी ही पद्धत बाजारात आली. ती जुन्याच चिपवर, बहुतेक वेळा नुसत्या सॉफ्टवेअर अपडेटने चालावी अशी अट होती. पॅकेटमधली छेडछाड ओळखायला नील्स फर्ग्युसन यांनी 'मायकल' नावाची हलकी तपासणी बनवली. ती कमकुवत आहे हे बनवणाऱ्यांनाच माहीत होतं! म्हणून जोडीला नियम: मिनिटाभरात दोन खोटी पॅकेटं सापडली तर ६० सेकंद व्यवहार बंद. ठिगळ होतं ते, पण जाणून लावलेलं.

पक्कं उत्तर आलं जून २००४ मध्ये, ८०२.११आय. त्यातला एईएस सायफर बऱ्याच जुन्या कार्डांना झेपेना. डब्ल्यूपीए२ हे त्याचंच बाजारातलं नाव, आणि वायफाय प्रमाणपत्रासाठी ते सक्तीचं झालं मार्च २००६ पासून. तुमचा लॅपटॉप त्याआधीचा, बघा! दोष कार्डात असेल, ड्रायव्हरमध्ये असेल किंवा विंडोजमध्ये. एक्सपी सर्व्हिस पॅक २ला डब्ल्यूपीए२साठी २००५ मधलं वेगळं अपडेट लागतं, २००८च्या सर्व्हिस पॅक ३मध्ये ते आतच आहे. हे तीन थर वेगवेगळे तपासा.

आता सल्ल्याकडे. राउटर मिश्र मोडवर ठेवला, तर सगळ्यांना उद्देशून जाणारी पॅकेटं सर्वात कमजोर पद्धतीने, म्हणजे टीकेआयपीने जातात. एका लॅपटॉपसाठी घरातल्या सगळ्यांचं संरक्षण उतरतं. आणि वेपवर आणलं तर नेटवर्क जवळपास उघडंच. उघड्या नेटवर्कचं काय होतं? जुलै २००८ च्या अहमदाबाद स्फोटांच्या काही मिनिटं आधी गेलेला ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या असुरक्षित वायफायवरून पाठवला होता, आणि चौकशी त्या घरापर्यंत पोचली.

तेव्हा सिक्युरिटी उतरवू नका. आधी सर्व्हिस पॅक ३ आणि कार्डाचा शेवटचा ड्रायव्हर टाका. तरी नाही जमलं तर डब्ल्यूपीए२ चालणारा यूएसबी अडॅप्टर घ्या, पण त्याचा ड्रायव्हर तुमच्या सिस्टिमसाठी मिळतो का ते विकत घेण्याआधी बघा. एक्सपीला एप्रिल २०१४ नंतर नियमित सुरक्षा अपडेट मिळत नाहीत, त्यामुळे हलकं लिनक्स टाकलेलं बरं. राउटर फक्त डब्ल्यूपीए३वर असेल तर तो डब्ल्यूपीए२-डब्ल्यूपीए३ अशा जोडमोडवर आणा, इतकी तडजोड चालते. नाहीतर लॅनची केबल आहेच, त्या काळच्या लॅपटॉपला तिचा पोर्ट बहुधा असतोच.