नासिकेची शरीररचना आणि पुणे परिसरातील नासिकासंधान : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठी भाषेत नाक हा केवळ अवयव नाही, तर प्रतिष्ठेचे प्रतीक आहे. नाक कापणे, नाक राखणे, नाकाने जगणे यांसारखे वाक्प्रचार त्याची साक्ष देतात. पूर्वी शिक्षा म्हणून किंवा शत्रूचा अवमान करण्यासाठी प्रत्यक्ष नाक कापले जात असे. त्यामुळे कापलेले नाक पुन्हा घडविण्याची विद्याही या देशात विकसित झाली. प्रस्तुत लेखात नाकाच्या रचनेच्या आधारे पुण्याजवळ इ. स. १७९३ मध्ये झालेल्या एका शस्त्रक्रियेचा विचार केला आहे.

नाकाची रचना व कार्य

बाह्य नाकाचा वरचा भाग अस्थींचा, तर खालचा भाग कूर्चांचा बनलेला असतो. या सांगाड्यावर बाहेरून त्वचा व आतून श्लेष्मल आवरण असते. श्वासावाटे येणारी हवा गाळणे, उबदार व दमट करणे आणि गंधाचे ज्ञान करून देणे ही नाकाची प्रमुख कार्ये होत. बाह्य नाक कापले गेले तरी आतील नासागुहा शाबूत राहू शकते. मात्र ती उघडी पडल्याने कोरडी होते. म्हणून नवे नाक घडविताना केवळ रूप साधून भागत नाही, श्वासमार्गही खुला ठेवावा लागतो.

कावसजीची शस्त्रक्रिया

लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र प्रसिद्ध झाले. त्यातील माहितीनुसार कावसजी हा शेतकरी वर्गातील मराठा असून इंग्रज सैन्यात बैल हाकण्याचे काम करीत होता. १७९२ च्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला. तेथे त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो नाकाविना राहिला. त्यानंतर पुण्याजवळील वीटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक बसविले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज शल्यवैद्यांनी ही शस्त्रक्रिया पाहिल्याचेही पत्रात नमूद आहे.

या शस्त्रक्रियेची पद्धती अभ्यासनीय आहे. प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून नाकाचा आकार घेतला जाई. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवीत व त्याभोवती रेषा आखीत. तेवढी त्वचा सोडवून घेताना दोन्ही डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद देठ मात्र न कापता राखला जाई. खुंटावरील जुना व्रण खरवडून, त्वचा अर्धी पिळून खाली आणीत आणि तिच्या कडा खुंटाभोवती घेतलेल्या चिरेत बसवीत. त्यावर पाण्यात कालवलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या ठेवीत. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेले कापड लावीत. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालीत. सुमारे पंचविसाव्या दिवशी देठ कापीत.

या सर्व कृतीचे मर्म त्या देठात आहे. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळून कपाळाकडे जाणारी रक्तवाहिनी त्यातून जाते, हे आज आपणांस ज्ञात आहे. खालील भागाशी नवा रक्तसंबंध जुळेपर्यंत ती त्वचेस जिवंत ठेवते. नाकपुड्यांतील बोळेही निरर्थक नव्हते. आतून आवरण नसलेली त्वचा आकसते व श्वासमार्ग बंद होऊ पाहतो. त्यावरील तो उपाय होता.

ग्रंथ आणि परंपरा

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात नासिकासंधानाचे वर्णन आहे. तेथे वनस्पतीच्या पानाने माप घेऊन गालाची त्वचा वापरण्यास सांगितले असून, नाकात दोन नळ्या ठेवण्याचाही निर्देश आहे. पुण्यातील कारागिराने मात्र कपाळाची त्वचा वापरली. साम्य स्पष्ट असले तरी हा फरक लक्षणीय आहे. म्हणून त्याची विद्या केवळ ग्रंथातून उतरली असे मानणे योग्य ठरणार नाही. ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या हस्तकौशल्यातून परिष्कृत झाली असावी, असे अनुमान करता येते.

या वृत्तान्तापासून प्रेरणा घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी २३ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडन येथे याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये आपल्या दोन यशस्वी शस्त्रक्रियांचा अहवाल प्रसिद्ध केला. पुढे ही पद्धती युरोपात 'भारतीय पद्धती' म्हणून रूढ झाली. कपाळाची त्वचा वापरण्याचे तिचे सुधारित रूप आजही प्रचलित आहे.

समारोप

या प्रसंगात रुग्णाचे नाव नोंदले गेले, साक्षीदार शल्यवैद्यांची नावे नोंदली गेली. परंतु ज्याने नाक घडविले त्याची ओळख केवळ जातीने उरली. भारतीय शल्यविद्येचा गौरव करताना आपणही बहुधा प्राचीन ग्रंथापाशीच थांबतो. वास्तविक लंडनपर्यंत पोहोचले ते त्या अनाम कारागिराच्या हातातील ज्ञान होते. महाराष्ट्राच्या विज्ञान-इतिहासात ग्रंथकर्त्यांबरोबरच अशा कारागिरांनाही स्थान मिळणे अगत्याचे आहे.