कणमान व अधिशोषण

वायूचे किंवा द्रावणातील पदार्थाचे रेणू घन पदार्थाच्या पृष्ठभागावर धरले जाणे, म्हणजे अधिशोषण. पूड जितकी बारीक तितके अधिशोषण जास्त, असे सर्रास सांगितले जाते. रंध्रे भरपूर असलेल्या पदार्थांपुरते ते अर्धेच खरे आहे. तिथे कणमान प्रामुख्याने वेग ठरवते, धारणक्षमता नव्हे.

सक्रियित कार्बनच्या एका ग्रॅममधील रंध्रांचे क्षेत्रफळ साधारणपणे ५०० ते १,५०० चौ. मी. असते. १ मिमी. व्यासाच्या कणांचे बाहेरचे क्षेत्रफळ मात्र ग्रॅममागे ०.०१ चौ. मी.सुद्धा भरत नाही. दळून ०.१ मिमी. केले तर ते दसपट होईल, तरी आतल्या पसाऱ्यापुढे नगण्यच. बदलते ते रेणूला आत शिरण्यासाठी कापावे लागणारे अंतर. आतले विसरण संथ असेल, तर समतोलाला लागणारा वेळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणून दहापट बारीक कण सुमारे शंभरपट लवकर भरतात. प्रयोगशाळेत ठरावीक वेळ हलवून मोजलेली ‘क्षमता’ बारीक पुडीची जास्त दिसते, ती बहुधा जाड कण समतोलापर्यंत पोहोचलेलेच नसल्यामुळे. अपवाद आहेत. दळताना बंद रंध्रे उघडली, किंवा २ नॅनोमीटरपेक्षा अरुंद सूक्ष्मरंध्रांत न मावणारे मोठे रंगद्रव्य असले, तर क्षमताही खरोखर वाढते.

मातीत हा हिशोब वेगळ्या वळणाने जातो. उदाहरणार्थ, बोरी अरब (ता. दारव्हा, जि. यवतमाळ) हा भाग दख्खनच्या बेसाल्टचा, कापसाच्या काळ्या जमिनीचा. या जमिनीतील ०.००२ मिमी.पेक्षा बारीक चिकणकणांत स्मेक्टाइट गटाची खनिजे प्रमुख असतात. त्यांच्या थरांमधील पृष्ठभाग धरला तर क्षेत्रफळ ग्रॅममागे ७०० चौ. मी.च्या पुढे जाते. वाळू कितीही कुटली तरी तिला हा गुण येणार नाही, कारण इथे आकाराबरोबर खनिजही बदललेले असते. ब्रुनॉअर, एमेट व टेलर यांच्या १९३८ च्या पद्धतीने कोरड्या मातीवर नायट्रोजन वायू वापरून मोजले, तर आकडा कितीतरी कमी येतो. नायट्रोजन थरांत शिरत नाही. पाणी शिरते, म्हणून पावसाळ्यात ही जमीन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. थरांवर ऋण भार असल्याने अमोनियम व पोटॅशियम धरले जातात, नायट्रेट मात्र पाण्याबरोबर खाली निघून जाते.

यवतमाळ जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आढळते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला १ मिग्रॅ., दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिग्रॅ. आहे. फ्लोराइडही ऋणभारित, त्यामुळे काळी माती त्याला फारशी कामाची नाही. सक्रियित ॲल्युमिना चालतो. त्याचे कण बहुधा ०.३ ते ०.६ मिमी. ठेवतात. त्याहून बारीक घेतले तर फ्लोराइड लवकर धरले जाईल, पण गाळणीचा पाण्याला होणारा अडथळा कणव्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो आणि नळाला धारच येत नाही.

सरासरी आकाराइतकीच त्यातली तफावतही महत्त्वाची, आणि तिच्याकडे नेमके दुर्लक्ष होते. लहान कण मोठ्यांच्या फटीत बसून वाट बुजवतात. जाड कण हळू भरतात, त्यामुळे ते पुरते वापरले जाण्याआधीच अशुद्ध पाणी खालून बाहेर पडू लागते. म्हणून वजनाने ६० टक्के माल ज्या आकारापेक्षा बारीक आहे, त्या आकाराला १० टक्क्यांच्या आकाराने भागून एकरूपता गुणांक काढतात. तो १ च्या जितका जवळ तितका माल एकसारखा. गाळणीच्या उलट्या धुलाईत (खालून वर पाणी सोडून) बारीक कण वर आणि जाड खाली अशी रचना होते. ती दर धुलाईत टिकली तर ठीक; थर मिसळले, तर वरचे भरलेले कण तळाशी येऊन गाळलेले पाणीच बिघडवतात.

कापसाच्या पऱ्हाटीपासूनही सक्रियित कार्बन करता येतो. तो गाळणीत भरायचा तर दोन चाळण्यांमधला भागच घ्यावा. खाली पडलेली भुकटी थेट पाण्यात मिसळून, रंग व वास धरल्यावर तुरटीच्या गाळाबरोबर बसवता येते.