शिंदी, खजूर, माड आणि ताड

घोडनदीकाठचें शिरूर व भीमेकाठचें दौंड ह्या भागांत ओढ्याच्या कडेला उभी असलेली शिंदी आपणां सर्वांच्या ओळखीची आहे. मान मात्र तिला मिळत नाहीं. झावळ्यांचा रविवार जवळ आला कीं वसई-मुंबईकडे सोयरीक असलेले लोक म्हणतात, खरी झावळी माडाची. कोणी शिंदीला ताड म्हणतो, कोणी रानखजूर. ह्या शेवटच्या नांवांत, आमच्या मतें, सत्य अधिक आहे.

चार शुभवर्तमानकारांपैकीं एकट्या योहानानें (अध्याय १२, वचन १३) यरुशलेमेच्या लोकांच्या हातीं कोणत्या झाडाच्या फांद्या होत्या हें सांगितलें आहे. त्याचा ग्रीक शब्द 'फिनिक्स', म्हणजे खजूर. तेथें माडाचा संबंधच नाहीं.

हाच शब्द पुढें वनस्पतिशास्त्रानें उचलला. १६८२ सालीं डच अंमलदार व्हॅन ऱ्हीड ह्याच्या 'होर्टुस मलबारिकुस' ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत शिंदीचें चित्र छापलें गेलें. त्या ग्रंथाच्या आरंभीच्या कामीं कार्मेलाइट धर्मगुरु मॅथ्यू ह्यांचें साहाय्य होतें. १७५३ सालीं स्वीडनच्या लिनीयसनें खजुरास 'फिनिक्स' म्हटलें, पण शिंदीला निराळ्या 'एलाते' वंशांत बसविलें. कलकत्त्याच्या वनस्पतिबागेचे डॉ. रॉक्सबर्ग ह्यांनीं तिला खजुराच्या वंशांत आणलें, व त्यांच्या निधनानंतर १८३२ सालीं छापलेल्या ग्रंथापासून 'फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस', रानांतील खजूर, हें नांव रूढ झालें. म्हणजे आमची शिंदी यरुशलेमेच्या झाडाची बहीण, आणि माड दूरचा भाऊबंद! मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांतील जेसुइट फादर ब्लॅटर ह्यांनीं तर १९२६ सालीं हिंदुस्थान व सिलोनांतील ह्या सर्व झाडांवर मोठा ग्रंथच प्रसिद्ध केला.

ओळखण्यास ग्रंथ नको, पातें पुरे. शिंदीचें व खजुराचें पातें पन्हळीसारखें वर उघडें असतें. माडाचें घराच्या पाख्यांसारखें दोन्ही बाजूंनीं खालीं उतरतें. शिंदीच्या झावळीच्या बुडाशीं पात्यांचे कांटे झालेले असतात, हें झावळी तोडणाऱ्या मुलांस शिकवावें लागत नाहीं. ताडाचें पान पंख्यासारखें. भीमेच्या उगमाकडे, सह्याद्रींत, भेरली माड आढळतो. त्याचें पातें माशाच्या शेपटासारखें. शिंदी व खजूर ह्यांतील भेद खरा अवघड. खजुराच्या बुंध्याशीं पिलें फुटतात, शिंदी एकटीच वाढते. खजुराचें फळ लांबट व मांसल, शिंदीचें लहान, नारिंगी, आणि त्यांत बीच फार.

शिंदीची बदनामी झाली ती तिच्या रसामुळें. पहांटे जी नीरा, तीच दुपारीं ताडी. परंतु दोष झाडाचा कीं मडक्याचा? घर झाडण्याची केरसुणी हिच्याच पात्यांची होते, हें कोणी आठवीत नाहीं.

झावळ्या काढावयास जाणाऱ्यांस आमचें एकच सांगणें आहे. मधला कोंवळा, पांढरा कोंब दिसावयास सुंदर असतो, म्हणून तोच तोडण्याचा मोह होतो. त्यास हात लावूं नये. बाजूच्या जुन्या झावळ्या घ्याव्या. शिंदीला दुसरा कोंब नसतो. तो गेला कीं झाड मरतें.