जीप आणि बैलजोडी

जीपच्या पराक्रमाबद्दल मला नितांत आदर आहे. 1941 पासून महायुद्ध संपेपर्यंत विलिस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांवर जीपा काढल्या. आफ्रिकेची वाळू आणि युरोपचा चिखल तुडवून या बाईंनी युद्ध जिंकून दिले. 1940च्या दशकाअखेर महिंद्रांनी मुंबईत त्यांची जुळणी सुरू केली आणि यथावकाश, साहेबासकट, त्या यवतमाळास आल्या. इथे गाठ काळ्या मातीशी होती!

बसाल्ट झिजून झालेली ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते. कापसाला मानवते, चाकाला नाही.

पांढरकवड्याच्या वाटेवर आमची सरकारी जीप अशाच एका खड्ड्यात बसली. ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबी, जीप आणखी खाली जाई. एक बैलगाडीवाले बाबा थांबले.

"काऊन चाक फिरवून रायले, राजेहो? गड्डा खोल होऊन रायला ना!"

बोलणे शास्त्राला धरून होते. डिफरन्शियलचा न्यायच असा, की पकड सुटलेले चाक गरगर फिरते आणि पकड असलेले स्वस्थ बसते. कचेरीतला अनुभव काही वेगळा नाही.

बाबांनी चाकांपुढची माती उकरली, खाली पऱ्हाट्या अंथरल्या, टायर पसरावेत म्हणून थोडी हवा सोडायला लावली आणि पुढे बैल जुंपले. जीप वर आली.

साहेबांनी अहवालात लिहिले, 'वाहन स्वतःच्या शक्तीने बाहेर आले.' इतिहास असाच लिहिला जातो. बैलांना वाचता येत नाही ना!