घरातील बंदूक : जबलपूर परिसरातील एका वस्तूचा इतिहास

जबलपूरचे नाव निघाले की महाराष्ट्रातील माणसास दोन गोष्टी आठवतात : भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि तोफांचे कारखाने. १९०४ साली येथे गन कॅरेज फॅक्टरी स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि स्वातंत्र्यानंतर व्हेइकल फॅक्टरीतून लष्करी मोटारी बाहेर पडू लागल्या. या कारखान्यांच्या निमित्ताने खडकी, अंबाझरी, भंडारा, वरणगाव अशा ठिकाणांहून बदली होऊन आलेली कितीतरी मराठी कुटुंबे नर्मदेच्या काठी कायमची स्थिरावली. सुट्टीत गावी गेले की आप्तेष्ट हमखास विचारतात, ‘‘तोफांच्या गावी राहता, तेव्हा तुमच्याकडे घरोघरी बंदुका असतील नाही?’’

या प्रश्नाचे उत्तर देताना एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. कारखान्यात तयार होते ती सरकारची तोफ. घरात असते ती परवान्याची बंदूक. पहिलीचा इतिहास अहवालांतून नोंदला गेला आहे. दुसरीचा मात्र कपाटाच्या मागे, तेलकट फडक्यात गुंडाळून पडला आहे. त्याचा शोध घेऊ लागल्यास एक चमत्कारिक गोष्ट प्रत्ययास येते. हौशी मालकास वाटते की बंदूक आपण निवडली, आपण सुधारली, आपण दुरुस्त करविली. वस्तुतः तिच्या नळीचा व्यास काय असावा, ती कोणी विकावी आणि कोणी दुरुस्त करावी, हे गेली दीडशे वर्षे प्रामुख्याने कायद्यानेच ठरविले आहे.

जामगीपासून टोपीपर्यंत

या प्रदेशाशी मराठ्यांचा संबंध कारखान्यांच्याही आधीचा आहे. १७८१ साली गढा-मंडल्याचे राज्य सागरच्या मराठी सुभ्यास जोडले गेले. १७९८ मध्ये ते नागपूरकर भोसल्यांकडे आले आणि १८१७ च्या डिसेंबरात जबलपूर येथे नागपूरकरांच्या फौजेचा जनरल हार्डिमनने पराभव करीपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. त्या काळच्या शिपायाच्या हाती असे ती बहुधा जामगीची, म्हणजे तोड्याची बंदूक. पेटता तोडा रंजकावर टेकला की बार उडे. या बंदुकीत बिघडण्यासारखे फारसे काही नव्हते आणि जे बिघडे ते गावचा लोहार दुरुस्त करू शके. बंदुकीचा मालक आणि तिचा कारागीर एकाच गावात नांदत होते, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

पुढे चकमकीची आणि त्यानंतर टोपीची बंदूक आली. टोपीच्या बंदुकीत दारू आणि गोळी पूर्वीप्रमाणेच नळीच्या तोंडातून गजाने ठासावी लागे. मात्र रंजकाऐवजी तांब्याची छोटी टोपी घोड्याच्या आघाताने पेटे. महाराष्ट्रात आपण जिला ठासणीची बंदूक म्हणतो, तिलाच इकडील खेड्यांतून ‘भरमार’ म्हणतात. शेतातील पिकावर पडणाऱ्या रानडुकरांच्या भीतीने ही भरमार पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली.

१८५७ चे सावट

१८ सप्टेंबर १८५७ रोजी गोंड राजा शंकरशाह व त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना जबलपुरात तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्याच रात्री येथील ५२ वी पलटण बंड करून छावणीतून निघून गेली. या घटनेनंतर सामान्य माणसाच्या हातातील बंदुकीकडे पाहण्याची राज्यकर्त्यांची दृष्टीच पालटली. देशभर शस्त्रे गोळा करण्यात आली आणि अखेर लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, १८७८ साली, शस्त्रांचा सर्वव्यापी कायदा झाला. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. शस्त्रकायद्यातील मर्मभेदक गोष्ट परवाना ही नव्हती. युरोपियनांस परवान्यातून सूट होती, ही होती. पहिल्या महायुद्धानंतर हा वर्णभेद नियमांतून गेला, परंतु तोवर त्याने मनांवर खोल घाव घातला होता. १९३० च्या आरंभी महात्मा गांधींनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत स्वसंरक्षणार्थ बंदुकीचे परवाने लोकनियंत्रणाखाली मिळावेत, अशीही एक मागणी होती. अहिंसेच्या प्रवर्तकाने ती करावी, याचे आज अनेकांस आश्चर्य वाटेल. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावातही, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा उल्लेख होता. प्रश्न बंदुकीच्या हौसेचा नव्हता, समान नागरिकत्वाचा होता.

निवड : फोर्सिथचा ग्रंथ आणि बोअरचे कोडे

शिकारीसाठी कोणती रायफल घ्यावी, या विषयावरील एका गाजलेल्या ग्रंथाचा कर्ता आपल्याच परिसरात वावरला होता. कॅप्टन जेम्स फोर्सिथ हा मध्य प्रांतातील अधिकारी होता. १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य भारताच्या डोंगराळ मुलुखावरील त्याच्या पुस्तकामुळे सातपुडा आणि नर्मदेचे खोरे इंग्रज वाचकांस परिचित झाले. त्याआधी, १८६३ मध्ये, त्याने शिकारी रायफल व तिची गोळी या विषयावर ग्रंथ लिहिला होता. नळीतील आटे अगदी संथ वळणाचे ठेवावेत, गोळी गोल असावी आणि दारू भरपूर घालावी, म्हणजे शिकारीच्या अंतरापर्यंत गोळी जवळजवळ सरळ रेषेत जाते, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे धूररहित दारू आली व हे तंत्र मागे पडले. तथापि जनावर, रान आणि अंतर पाहून हत्यार निवडावे, ही त्याची दृष्टी जुनी झालेली नाही.

परंतु निवडीचे स्वातंत्र्य लवकरच आकुंचित झाले. लष्कराची काडतुसे चोरवाटांनी खासगी बंदुकींत जाऊ नयेत, म्हणून लष्करी बोअरची हत्यारे नागरिकांस मना करण्यात आली. .३०३ बोअर निषिद्ध ठरले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४५० बोअरवरही बंदी आली, तेव्हा इंग्लंडमधील बंदूक बनविणाऱ्यांनी हिंदुस्थानच्या बाजारपेठेसाठी .४७० आणि .४६५ अशी किंचित निराळ्या मापाची हत्यारे काढली. .३१५ बोअरचा हिंदुस्थानातील प्रसारही असाच. तिचे काडतूस मूळचे ऑस्ट्रियन मॅन्लिखर पद्धतीचे, सुमारे आठ मिलिमीटरचे. रायफलचा सांगाडा मात्र.३०३ च्या ली-एनफील्डचा. सांगाडा लष्करी आणि बोअर नागरी, असा हा मिलाफ पुढे इच्छापूरच्या सरकारी कारखान्याने चालू ठेवला आणि आजही परवानाधारकांच्या हाती .३१५ आढळते ती याच कारणाने. कानपूरच्या सरकारी कारखान्यातील .३२ चे रिव्हॉल्व्हरही निषिद्ध बोअर टाळूनच घडविलेले आहे.

छऱ्याच्या बंदुकीची भाषा निराळी. बारा बोअर म्हणजे बारा इंच किंवा बारा मिलिमीटर नव्हे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्यास त्यांपैकी एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल, ती नळी बारा बोअरची. मालगुजारांच्या वाड्यांतून बहुधा हीच दुनळी असे. १९५१ साली मालगुजारी गेली, वाडे विकले गेले, पण दुनळी मुलाकडे व नातवाकडे येत राहिली.

सुधारणा आणि दुरुस्ती

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला व १९६२ पासून अमलात आला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपविले. शेजारच्या मंडला जिल्ह्यातील कान्हा येथे १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेच होते. १९७३ मध्ये तेथे व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. जी बंदूक शिकारीसाठी घेतली, तिचे प्रयोजनच उरले नाही, आणि ते उरू नये हेच योग्य होते. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकास परदेशी हत्यार आणणे जवळजवळ अशक्य झाले. परिणामी जुन्या इंग्लिश दुनळीस दुर्मीळतेचे मोल आले आणि ती ‘सुधारून’ घेण्याची हौसही वाढली.

ही हौस तपासून घेण्यासारखी आहे. अनेक जुन्या दुनळींच्या नळ्या लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून केलेल्या असतात. त्यांवरील लाटांची नक्षी मोहक दिसते, पण त्यांतील बहुसंख्य काळ्या दारूच्या काळातील आहेत. त्यांत आधुनिक धूररहित दारूचे काडतूस उडविणे म्हणजे डोळे आणि बोटे पणाला लावणे होय. बर्मिंगहॅमचे परीक्षणगृह १८१३ साली स्थापन झाले. तेथे तपासलेल्या नळीच्या बुडाशी बारीक शिक्के असतात. नळी कोणत्या दारूसाठी तपासली, हे ते शिक्के सांगतात. नवी चकाकी आणण्यासाठी नळी घासून घेणारा मालक पुष्कळदा हीच साक्ष पुसून टाकतो.

दुसरी गोष्ट काडतुसाच्या लांबीची. जुन्या इंग्लिश बंदुकीची कोठी पुष्कळदा अडीच इंची असते, तर आजचे काडतूस बहुधा पावणेतीन इंची. लांब काडतूस कोठीत बसते खरे, परंतु उडताना त्याचे तोंड उलगडण्यास जागा राहत नाही आणि दाब वाढतो. कोठी खोदून लांबविणे हा उपाय सोपा दिसतो. पण त्याने भिंत पातळ होते आणि पूर्वीचे परीक्षण निरर्थक ठरते. परवानाधारकांची काडतुसे पुष्कळदा पुण्याजवळील खडकीच्या कारखान्याची असतात. हा कारखाना १८६९ चा. मूळ गावाची अशी खूण कपाटात सापडली की परमुलखातील माणसास क्षणभर बरे वाटते. तरीही लांबी मोजूनच ते काडतूस वापरावे.

जुन्या दुनळीची दुरुस्ती कठीण का, हे कारखान्यात काम केलेल्यास चटकन कळेल. आपल्याकडे प्रत्येक भाग गेजने मोजला जातो. एका तोफेचा भाग दुसरीस बसलाच पाहिजे. जुन्या दुनळीचे तसे नाही. तिचा प्रत्येक भाग कानशीने, काजळी लावून, त्या एकाच बंदुकीसाठी बसविलेला असतो. म्हणून मोडलेला खटका बाजारात मिळत नाही. तो घडवावा लागतो. नळी व पेटी यांच्या सांध्यात ढिलाई आली असेल, तर ती दूर करणे निष्णात हाताचेच काम. दस्ता तडकतो त्याचे कारण बहुधा मालकाचे अतिप्रेम असते. बंदूक तेलाने माखून उभी ठेवली की तेल झिरपून सांध्याजवळचे लाकूड मऊ पडते. म्हणून जुने जाणकार ती नळीचे तोंड खाली करून ठेवीत. जुन्या टोप्यांच्या ज्वलनातून नळीत क्षार राहतात. ते तेलाने जात नाहीत, गरम पाण्याने धुवावे लागतात. जबलपूरच्या पावसाळ्यात या दुर्लक्षाची किंमत एका आठवड्यात दिसते.

कायद्याची मर्यादा येथेही स्पष्ट आहे. बंदूक विकणे, दुरुस्त करणे, तपासणे वा तिच्यात बदल करणे हा व्यवसाय परवान्यावाचून करता येत नाही, आणि नळी आखूड करणे हा विशेष गंभीर विषय मानलेला आहे. तेव्हा गावच्या लोहाराकडे बंदूक नेण्याचे दिवस संपले. परवानाधारक कारागीर मात्र दिवसेंदिवस विरळ होत आहेत. ज्याने वडिलांच्या हाताखाली कानस चालविली, त्याचा मुलगा आज दुसऱ्या उद्योगात आहे.

वारसांपुढील प्रश्न

१९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीन बंदुकांची मर्यादा घातली. २०१९ च्या डिसेंबरात ती दोनवर आली आणि वारसाने मिळालेली बंदूकही याच संख्येत धरली जाऊ लागली. अधिकची शस्त्रे एका वर्षाच्या आत जमा करावयाची होती. परवान्याची मुदत मात्र तीनऐवजी पाच वर्षे झाली. आपल्यापैकी अनेकांच्या घरी मुले पुण्यास, बंगळुरास वा परदेशी आहेत. वडील गेल्यावर त्यांच्या नावाची बंदूक घरात तशीच राहू देणे हा वारसा नसून अपराध ठरू शकतो. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, आणि मग वारसाने रीतसर अर्ज करावा किंवा ती विकून टाकावी. हे काम शोकाच्या दिवसांत जड वाटते. म्हणून वडीलधाऱ्यांनी आपल्या हयातीतच कागदपत्रे नीट लावून मुलांस दाखविलेली बरी.

आणखी एक गोष्ट करता येईल. बंदूक जमा करण्यापूर्वी तिची नोंद करून ठेवावी : कोणी बनविली, नळीवर शिक्के कोणते, परवाना प्रथम कोणत्या साली कोणाच्या नावे निघाला, कोणत्या गावी ती राहिली, शेवटी कोठे गेली. अशा शंभर नोंदी एकत्र आल्या, तर या प्रांतातील मराठी घराण्यांच्या स्थलांतराचा एक विश्वसनीय आलेख तयार होईल. कारण घर, जमीन व हुद्दा यांच्या आठवणी पिढीगणिक बदलतात, पण परवान्यावरील तारीख आणि गाव बदलत नाही.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या अस्तित्वात आल्या. गन कॅरेज फॅक्टरी आता त्यांपैकी एकीचा भाग आहे आणि ‘धनुष’ ही १५५ मिलिमीटरची तोफ तेथे तयार होते. तोफांचा इतिहास सरकार जतन करील. घरातल्या बंदुकीचा इतिहास मात्र घरच्यांनीच लिहावयाचा आहे. आपल्या मंडळाने पन्नाशीच्या या वर्षी त्यासाठी एक साधी वही घातली, तर पुढील पिढीवर ते मोठे उपकार होतील.